सोसायटीतला फ्लू लसीचा कॅम्प, ऐरोली: सुई छान, माहिती अर्धवट

ऐरोलीत आमच्या सोसायटीत जूनमध्ये एका प्रायव्हेट क्लिनिकने फ्लूच्या लसीचा कॅम्प लावला होता. नाव टाकत नाहीये, कारण पुढे थोडी कुरकुर पण आहे.

आधी चांगलं. सिस्टर एक नंबर होती. कूल बॉक्सला बाहेरून छोटा डिजिटल थर्मामीटर लावलेला, त्यावर ५ दिसत होतं (२ ते ८ मध्ये ठेवावी लागते, गोठली तर फेकून द्यायची), आणि प्रत्येकाला टोचायच्या आधी डबा समोर धरून एक्सपायरी आणि कुठल्या सीझनची लस आहे ते स्वतःहून दाखवत होती. हे बघाच कुठेही घेतली तरी, कारण व्हायरस बदलतो म्हणून लस पण बदलत राहते आणि गेल्या सीझनचा उरलेला माल कुणी खपवू नये. भरलेलीच सिरिंज, दंडात टोचली, कळलं पण नाही. संध्याकाळी हात जड झाला एवढंच.

लाईनीत तळमजल्यावरच्या काकू म्हणे, तो स्वाईन फ्लू कधीच गेला ना, आता कशाला टोचायचं? अहो काकू, २००९ ला शाळा बंद केलेल्या, लोक रुमालात कापूर-वेलची बांधून ट्रेनने जायचे, तोच एच१एन१ अजून आहे. डब्ल्यूएचओने २०१० च्या ऑगस्टमध्ये साथ संपली म्हणून सांगितलं पण व्हायरस काय बॅग भरून गेला नाही, आता तो नेहमीच्या फ्लूमधलाच एक झालाय, म्हणूनच दरवर्षीच्या लसीत तो असतोच आणि स्वाईन फ्लूची वेगळी लस शोधत बसायची गरज नाही. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि काकांना पुढे केलं.

आता कुरकुर. नऊ वर्षांच्या आतल्या मुलांना पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, हे रजिस्ट्रेशनच्या टेबलवर कुणीच बोललं नाही. मी विचारलं तेव्हा, हो हो, दुसऱ्याला क्लिनिकवर या. मग आधी सांगा ना, दुसऱ्या डोसचे पैसे पण वेगळे आहेत, दोन पोरं असलेल्या घराचं बजेटच डबल होतं! टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवायचं असतं, तिथे खुर्च्या मोजून चार आणि पंखा एक, म्हणून निम्मे लोक लगेच भाजी आणायला पळाले. सर्टिफिकेट व्हॉट्सअ‍ॅपवर येणार होतं, ते अजून येतंय.

रेट दीड हजाराच्या आसपास, मेडिकलपेक्षा किंचित कमी. पण गरोदर बायका आणि बीपी-डायबिटीसवाल्यांना राज्य सरकारकडून ही लस फुकट असते, तेव्हा आधी पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात स्टॉक आहे का विचारून या, मग खिशात हात घाला.

आणि लस घेतल्या घेतल्या काही होत नाही, अंगात तयारी व्हायला दोनेक आठवडे जातात, त्यामुळे असे कॅम्प पाऊस जोरात सुरू व्हायच्या आधी, मे मध्येच ठेवा असं कमिटीला सांगितलंय. सेक्रेटरी म्हणाले मे मध्ये सगळे गावाला असतात. तेही खरंच आहे म्हणा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा पंख्यासाठी कापला, एक त्या रजिस्ट्रेशनच्या टेबलसाठी.