कोझुमेलला जहाज थांबल्यावर डाइव्ह कोणाबरोबर करायची?

मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर डाइव्ह शॉप, म्हणजे स्कूबा डायव्हिंगला नेणारं दुकान, शोधायला बसलात तर सगळ्यांची पानं सारखीच दिसतात. तीच पालंकार आणि सांता रोसा या प्रवाळांची भिंत, तीच कासवं, तेच पाच तारे. क्रूझच्या प्रवाशाने हे सगळं बाजूला ठेवून आधी एकच प्रश्न विचारावा: दोन टाक्यांची, म्हणजे दोन डाइव्हची, फेरी संपवून बोट धक्क्याला किती वाजता लागते? नेमकं उत्तर देणारं शॉप यादीत ठेवा. "काळजी नको, वेळेत पोचवू" एवढंच म्हणणारं वगळा.

पण वेळ कुठली, हेही ठरवून घ्या. २०१५ पासून कोझुमेलचं किंताना रू राज्य वर्षभर एकाच वेळेवर चालतं, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. त्यामुळे फ्लोरिडाहून आलेल्या जहाजाचं घड्याळ उन्हाळ्यात बेटाच्या तासभर पुढे असतं, हिवाळ्यात दोन्ही जुळतात. गॅल्व्हस्टनहून येणाऱ्यांचं, म्हणजे टेक्सासमधल्या आपल्या बऱ्याच मंडळींचं, गणित उलटं आहे: उन्हाळ्यात जुळतं, हिवाळ्यात जहाज बेटाच्या तासभर मागे. काही जहाजं प्रवासात घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत. म्हणून बुकिंग करताना दोन्ही वेळा लिहून पाठवा आणि बोट सुटण्याची वेळ बेटाच्या घड्याळाने लेखी घ्या. फोनवर विसंबू नका, तो आपोआप स्थानिक वेळ पकडतो.

आता हिशोब. दोन्ही घड्याळं जुळलेली आहेत आणि जहाज ८ ला लागून ५ ला सुटतंय असं धरू. उतरायला पाऊण तास जातो. वेगवान बोट सव्वानऊला निघाली तर दहाच्या सुमारास पालंकारवर पोचते. ५० मिनिटांची पहिली डाइव्ह, वर तासभर विश्रांती, दुसरी डाइव्ह, आणि दीडच्या आसपास परत. मोठी संथ बोट याच फेरीला तासभर जास्त घेते. जहाजावर चढण्याची शेवटची वेळ सुटण्याआधी अर्धा ते एक तास असते. बोट परतणं आणि ती वेळ यांत दोन तास मोकळे राहत नसतील तर तो सौदा करू नये. प्रत्यक्ष बंदरात सहा तासांहून कमी वेळ असेल तर जहाजाचीच सहल घ्या. तिला उशीर झाला तर जबाबदारी जहाजकंपनीची असते. बाहेरून बुक केलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

वेळ पुरेसा असेल, तर आमचा कौल सहा-आठ डायव्हरांच्या छोट्या वेगवान बोटीला. कारण कोझुमेलचं डायव्हिंग प्रवाहातलं आहे. प्रवाह बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो, आपण त्याच्याबरोबर जातो आणि बोट वरून बुडबुड्यांच्या मागे येते. वीसजणांचा ताफा असला की ज्याची हवा आधी संपते त्याच्यामुळे सगळ्यांना वर यावं लागतं. पहिल्यांदाच प्रवाहात उतरलेला माणूस ३० मिनिटांत टाकी रिकामी करतो. जहाजाच्या सहलीची खरी उणीव हीच: सगळ्या पातळ्यांचे लोक एकत्र, आणि डाइव्ह सर्वांत कच्च्या माणसाच्या मापाची. म्हणून शॉपला विचारा: एकाची हवा संपत आली तर काय करता? त्याला खुणेचा फुगा सोडून वर पाठवतो, बाकीचे खालीच राहतात, आणि बोट त्याला लगेच उचलते, हे चांगलं उत्तर.

दुसरी परीक्षा खोलीची. बेटाच्या दक्षिण टोकाजवळच्या पुंता सूरमधल्या 'डेव्हिल्स थ्रोट' बोगद्यातून बाहेर पडायचं तोंड साधारण ४० मीटरवर उघडतं. ओपन वॉटर या पहिल्या परवान्याची मर्यादा १८ मीटर आणि त्यापुढच्या अ‍ॅडव्हान्स्डची ३०. परवान्याचं कार्ड न पाहता तिथे नेण्याचं आमिष दाखवणारं शॉप कितीही स्वस्त असो, सोडून द्या. मालवणला किंवा गोव्यात ग्रांडे बेटापाशी प्रशिक्षकाने धरून केलेली डाइव्ह म्हणजे परवाना नव्हे. तेवढाच अनुभव असेल तर इथेही १२ मीटरपर्यंतची ओळख-डाइव्हच घ्या.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते आरोग्याच्या फॉर्मवर. वय ४५ च्या वर आणि सोबत रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल असेल, तर डॉक्टरची सही लागते. दमा आणि मधुमेहाचंही तसंच. धक्क्यावर डॉक्टर मिळणार नाही आणि आगाऊ रक्कम बहुधा परत मिळत नाही. फॉर्म आधी मागवून घरीच सही घ्या. खोटं 'नाही' लिहू नका. अपघात झाला तर विमा त्यावरच अडतो.

बोटीवर चढल्यावर दोन मिनिटं सामानाला द्या. टाकीत साधारण २०० बार दाबाची हवा हवी. रेग्युलेटरमधून (तोंडात धरून श्वास घ्यायच्या यंत्रातून) चार श्वास घेताना दाबमापकाच्या काट्याकडे बघा: प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत येत असेल तर झडप पूर्ण उघडलेली नाही. हवेला तेलकट वास आला तर ती टाकी बदलून घ्या. बीसीडी, म्हणजे तरंगणं सांभाळणारं जाकीट, फुगवून पाच मिनिटं ठेवा, सैल पडली तर दुसरी मागा. ऑक्सिजनची पेटी आणि रेडिओ कुठे आहेत हे विचारा. जिथे लगेच दाखवतात तिथे शिस्त असते. मास्क आणि खोली-वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर मात्र स्वतःचे न्या.

हा भाग १९९६ पासून राष्ट्रीय सागरी उद्यान आहे. हातमोजे आणि चाकू चालत नाहीत. उद्यानाचं शुल्क दरात धरलंय का, तेही विचारा. २०१८ पासून इथल्या दगडी प्रवाळांना रोगाने पोखरलं आणि २०१९ मध्ये पालंकार आणि कोलंबिया या प्रवाळांचा भाग काही काळ बंद ठेवावा लागला होता. प्रवाळाला हात लावणाऱ्याला गाईड तिथल्या तिथे थांबवतो की नाही, हे आम्हाला गिऱ्हाइकाच्या सोयीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. जहाजाने बंदर वगळलं किंवा हिवाळी उत्तरेच्या वाऱ्यामुळे बंदर अधिकाऱ्याने छोट्या बोटी रोखल्या, तर पूर्ण परतावा मिळेल का? आणि बोट नेमकी कुठून उचलणार? पुंता लांगोस्ता गावातच आहे, इंटरनॅशनल आणि पुएर्ता माया हे धक्के गावाच्या दक्षिणेला आहेत, आणि जहाजाचा धक्का आयत्या वेळी बदलू शकतो. दोन डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसता येत नाही, तेव्हा परतीचं तिकीट तेवढं अंतर ठेवूनच काढा.