शेडमध्ये फिरणारा स्कॅनर: वायफायवर चालवावा की सिमवर?

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे. गाठी स्कॅन करत पोरगा लूम शेडमधून पॅकिंगकडे निघतो आणि मधल्या बोळात स्कॅनर अडकतो. दोन्ही टोकांना रेंज फुल्ल. अशा वेळी मालकाच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, "मोठा राउटर बसवा." खरं दुखणं रेंजचं नसतं, एका राउटरला सोडून दुसरा धरण्याचं असतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तीन-चार सुटे राउटर घेऊन सगळ्यांना एकच नाव, एकच पासवर्ड देणं. टेबलाशी बसून काम करणाऱ्याला तेवढं पुरतं. पण प्रत्येक राउटर आपापले आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटत असेल, तर शेड बदलली की स्कॅनरचा पत्ता बदलतो आणि चालू काम तुटतं. फिरत्या कामासाठी हा पर्याय सोडूनच द्या.

उरतात दोन: एकाच कंट्रोलरच्या ताब्यात चालणारे ॲक्सेस पॉइंट (जागोजागी वायफाय देणाऱ्या पेट्या) किंवा सिम टाकलेले स्कॅनर. फरक खो-खोच्या भाषेत सांगतो. मोबाइल नेटवर्कमध्ये टॉवर पुढच्या टॉवरला खो देतो. वायफायमध्ये खो कुणी देत नाही, कधी उठायचं ते उपकरणच ठरवतं.

आयफोन सिग्नल उणे 70 डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) खाली गेल्यावर नवा ॲक्सेस पॉइंट शोधायला लागतो. स्कॅनर मात्र कंपनीगणिक वेगळे वागतात. काही तर इतके चिकट, की लांबचा क्षीण सिग्नल धरून बसतात आणि डोक्यावरचा ॲक्सेस पॉइंट बघतही नाहीत. म्हणूनच पॉवर वाढवली की त्रास वाढतो: लांबूनही आवाज ऐकू येतो म्हणून स्कॅनर सोडत नाही, आणि त्याचं बारीक उत्तर तिकडे पोचत नाही. पॉवर कमी ठेवा, संख्या वाढवा. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. 5 गिगाहर्ट्झवर जागा बरीच आहे, 2018 पासून आपल्याकडे त्यातला मोठा पट्टा विनापरवाना खुला आहे. पण तो भिंतीपलीकडे लवकर दमतो.

कोटेशनमध्ये 802.11 के, व्ही, आर अशी अक्षरं दिसतील, ही वायफायच्या मानकांची नावं. के शेजारच्या ॲक्सेस पॉइंटची यादी देतो, व्ही 'तिकडे जा' असं सुचवतो, आर पुढच्या ठिकाणच्या ओळख-तपासणीचा वेळ वाचवतो. सगळ्यांना एकच पासवर्ड असेल तर आरचा फायदा थोडाच. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असेल तर तो हवाच. जुने स्कॅनर आर चालू केल्यावर कधीकधी जोडलेच जात नाहीत, तेव्हा आधी एकावर करून बघा.

सिमचं गणित वेगळं. स्कॅनर शेजारच्या टॉवरचा सिग्नल मोजून कळवतो. तो चालू टॉवरपेक्षा ठरावीक डेसिबलनं जास्त आणि ठरावीक काळ टिकलेला असेल, तर नेटवर्क स्कॅनरला तिकडे हलवतं. हे अंतर कमी ठेवलं तर दोन टॉवरमध्ये झोके, जास्त ठेवलं तर हलायच्या आधीच जोडणी तुटते. ही बटणं मोबाइल कंपनीच्या हातात, तुमच्या नाही. पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल आतच येत नसेल, तर तक्रार नोंदवून वाट बघायची. शेजारचा टॉवर भरलेला असेल तर तो नव्याला घेतही नाही. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फोन लावून बघितलेल्या माणसाला गर्दीतलं नेटवर्क वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय दर स्कॅनरला रिचार्ज, आणि सर्व्हर ऑफिसातच असेल तर बाहेरून आत यायला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट.

माझं मत: शेडच्या आत फिरणाऱ्यांना कंट्रोलरचं वायफाय, टेम्पोबरोबर गोडाऊनला जाणाऱ्यांना सिम. दोन्ही असलेला स्कॅनर महाग पडतो, आणि वायफायवरून सिमवर जाताना आयपी बदलतोच.

पण त्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला एक विचारा: नेट गेल्यावर स्कॅन स्कॅनरमध्येच साठून राहतात का? राहत असतील, तर दोन सेकंदांचा खंड कुणाच्या लक्षातही येणार नाही आणि खर्च बराच उतरेल. राहत नसतील, तर इन्स्टॉलेशनवाल्याला उरलेले पैसे देण्याआधी स्कॅनरवर पिंग (जोडणी टिकते का हे सतत तपासणारा संदेश) चालू ठेवून लूमपासून पॅकिंगपर्यंत चालायला लावा, तेही सगळे माग सुरू असताना.