शेप्स फाइल: चार रकाने सक्तीचे, पाचवा डोकेदुखीचा

एका शहराच्या बससेवेचा जीटीएफएस डेटा, म्हणजे मार्ग, थांबे आणि वेळा ठरलेल्या साच्यातल्या फाइलींत, मी तीन वर्षं भरतेय. मोबाइलवर तुम्ही बस शोधता तेव्हा मागे बहुतेकदा हाच साचा असतो. २००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या सार्वजनिक वाहतूक संस्थेने गूगलबरोबर त्याची सुरुवात केली. त्यातली बसची वाट सांगणारी शेप्स फाइल मला सगळ्यात जास्त आवडते आणि सगळ्यात जास्त छळतेही.

आवडते, कारण साधी आहे. शेपचं (म्हणजे वाटेच्या रेघेचं) नाव, अक्षांश, रेखांश आणि बिंदूचा क्रमांक, बस्स. क्रमांक चढता असला की झालं, सलग नसला तरी चालतो. म्हणून मी १०, २०, ३० असे टाकते. मध्ये एखादं वळण राहिलं तर १५ घुसवता येतो. ही फाइलच दिली नाही तर अ‍ॅप थांब्यापासून थांब्यापर्यंत सरळ रेघ ओढतं आणि बस लोकांच्या माजघरातून जाते. पुण्यात शिवाजी रस्त्याने वर जाऊन बाजीराव रस्त्याने खाली येणारी बस घ्या: नंबर एकच, पण जायची रेघ वेगळी, यायची वेगळी.

आता छळाचं. आमची एक बस फाट्यावरून दीड किलोमीटर आत गावात जाते, देवळाला वळसा घालते आणि त्याच रस्त्याने परत येते. वाटेत शाळा. थांबते ती परतताना, आत जाताना नाही. एक दिवस शाळेतल्या बाईंचा फोन: "अहो मॅडम, बस गेली म्हणतंय तुमचं अ‍ॅप, आणि बस तर आत्ता देवळाकडून येतेय!"

तपासणीच्या सॉफ्टवेअरने काहीच कुरकुर केली नव्हती. थांबा रेघेपासून १०० मीटरपेक्षा लांब असला की ते ओरडतं; इथे थांबा रेघेला चिकटूनच होता. फक्त रेघ तिथून दोनदा जात होती आणि अ‍ॅपने पहिली खेप धरली.

इलाज पाचव्या रकान्यात: सुरुवातीपासून कापलेलं अंतर. फाट्यापासून मोजलं तर शाळा जाताना १.१ किलोमीटरवर, येताना १.९ वर. शेप्समध्ये अंतरं भरली, थांब्यांच्या वेळांच्या फाइलीत शाळेपुढे १.९ टाकलं, फोन बंद. पण हा रकाना ऐच्छिक. अशा मागे-पुढे वाटांसाठी भरावा, अशी नुसती शिफारस आहे. शिफारस कोण वाचतं? आधीच्या कंत्राटदाराने तो कोराच ठेवला होता.

दुसरी तक्रार: रस्त्याचा तुकडा सामायिक ठेवायची सोय नाही. एक पूल बंद झाला आणि त्यावरून जाणाऱ्या चौदा मार्गांचे शेप मी एकेक करून दुरुस्त केले. युरोपातल्या नेटेक्स या अशाच कामाच्या दुसऱ्या साच्यात दोन बिंदूंमधला दुवा एकदाच नोंदवून अनेक मार्गांना वापरता येतो. हेवा वाटला म्हणून शिकायला बसले. तो ज्यात लिहितात त्या एक्सएमएलच्या, म्हणजे खुणांच्या आत खुणा असलेल्या मजकुराच्या, जंगलात दोन रविवार घालवून मुकाट्याने स्प्रेडशीटवर परत आले.

शेप्स फाइलला माझे गुण: पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या शाळेच्या बाईंनी कापलाय.

नवीन असाल तर क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून साठवला गेलेला नाही ना, ते बघा. मी पहिल्यांदा रेघ नकाशावर काढली तेव्हा ती १ वरून १०, मग ११, मग कधीतरी २ वर आली. साहेब मागे उभे होते. म्हणाले, "हे भरतकाम छान आहे, पण बस कुठंय?"