शेवाळ: खडपावरचं कापावं की तराफ्यावर लावावं?

मालवण-देवगड पट्ट्यात समुद्री शेवाळाच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून पाहिलंय आणि सध्या फक्त तराफे ठेवलेत.

खडपावरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर आपोआप वाढणाऱ्या सरगॅसम या शेवाळाला भांडवल लागत नाही. कोयता, पोती आणि ओहोटीची वेळ सांभाळली की झालं. बूड शाबूत ठेवून वरचं कापलं तर ते पुन्हा फुटतंही. तराफ्याला बांबू, दोर, नांगर, बी (म्हणजे लावायचे शेवाळाचे तुकडे) असं सगळंच लागतं आणि पावसाआधी ते काठावर आणावं लागतं. मत्स्यसंपदा योजनेतून 40 टक्के, महिलांना 60 टक्के अनुदान मिळतं, तेवढा भार हलका होतो.

पण माझा निर्णय पैशावर झाला नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत पाण्यातल्या वनस्पतीही येतात, त्यामुळे अभयारण्यातलं शेवाळ परवान्याशिवाय काढता येत नाही. हद्दीबाहेर कापलं तरी वाळल्यावर ते कुठलं, हे कोण सांगणार? एका व्यापाऱ्याने अंगणातल्या ढिगातून मूठभर उचललं, चुरगळून पाहिलं आणि विचारलं, ‘किल्ल्याच्या बाजूचं नाही ना? लिहून द्याल?’ मी खरं तेच सांगितलं, पण दाखवायला कागद नव्हता. भाव तिथेच पडला. त्याचंही चूक म्हणवत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यात स्थानिकांना सूट आहे, व्यापारासाठी माल नेणाऱ्याला मात्र राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं. हा प्रश्न दर खेपेला येतो, आणि तोच मला नकोसा झाला.

तराफ्यावर जागा ठरलेली असते, बी कधी बांधलं आणि कधी कापलं याची वही असते. व्यापारी वही बघतो आणि वजनाकडे वळतो.

बी निवडताना मात्र जपा. कापाफायकस हे शेवाळ भराभर वाढतं, पण ते परदेशातून आणलेलं आहे. तमिळनाडूजवळ मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याचं 2008 मध्ये नोंदलं गेलं. आपल्याकडेही प्रवाळ आहेत, म्हणून मी इथलंच ग्रॅसिलेरिया नावाचं शेवाळ लावतो. वाढ थोडी कमी, पण जीव स्वस्थ राहतो.

घरच्या माडांच्या आळ्यात खत म्हणून घालायचं असेल आणि खडप अभयारण्याबाहेरचं असेल, तर कापणं पुरेसं आहे, तराफ्याचा खटाटोप कशाला? विकायचं असेल तर मी तराफ्याकडेच झुकेन. जागेसाठी मत्स्यव्यवसाय खात्यात विचारण्याआधी रापणवाल्यांशी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांशी, बोलून घ्या. त्यांच्या ओढीच्या वाटेत नांगर पडला, तर हातात कुठलाही कागद असून तराफा टिकणार नाही.