लोकवर्गणीतून काय घ्यावं: टीव्ही, टॅब की फोनवरच भागवावं?

शाळा व्यवस्थापन समितीकडे चार पैसे जमले की पहिलं नाव टॅबचं निघतं. फोटोत छान दिसतात, हे त्याचं मोठं कारण. बीड, परभणी, धाराशिवकडच्या शाळांनी त्याआधी हजेरीपट उघडावा. दिवाळीनंतर किती लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि किती गावात राहतात, यावर निवड ठरवावी.

गावात राहणाऱ्यांसाठी टीव्हीच बरा. 43 इंची टीव्ही वीस-पंचवीस मुलांना पुरतो. मागची रांग चार मीटरपलीकडे गेली की बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. इंटरनेटवाचून पेनड्राइव्हवर काम भागतं. पेनड्राइव्ह एफएटी32 या जुन्या साठवण-पद्धतीत फॉरमॅट असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि अनोळखी फॉरमॅटची फाइल टीव्ही उघडत नाही. नाव दिसतं, चित्र येत नाही. म्हणून धडे दहा-पंधरा मिनिटांचे, साध्या एमपी4 मध्ये ठेवावेत. भारनियमनाचं म्हणाल तर 12 व्होल्टची 150 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. निम्मीच वापरायची धरली आणि थोडी वीज इन्व्हर्टरमध्ये वाया गेली तरी शंभर वॅटचा टीव्ही सात-आठ तास चालतो. व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या गावात स्टॅबिलायझरचे पैसे वाचवायला जाऊ नये.

टॅबवर लेकरू आपल्या गतीने शिकतं, हा फायदा खरा आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमधून पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून धडा उतरवून ठेवता येतो, मग नेट नसलं तरी चालतो. पण दहा टॅब म्हणजे दहा चार्जर, आणि सगळ्यात आधी चार्जिंगची पिनच ढिली होते. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो. तेव्हा पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात पूर्ण चार्ज करून ठेवलेल्या टॅबची बॅटरी लवकर खराब होते, कधी फुगते. सुट्टीत निम्म्या चार्जवर, थंड खोलीत ठेवावेत. यूट्यूब मोकळं सोडलं तर गणिताच्या धड्यामागोमाग भलतंच सुरू होतं. ते बंद करून रोज लक्ष ठेवणारा शिक्षक नसेल तर टॅब घेऊच नयेत.

ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर गेलेल्या लेकरांना मात्र टीव्हीचाही उपयोग नाही आणि शाळेतल्या टॅबचाही. गावातच हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर उत्तमच. नाहीतर त्यांच्यापर्यंत पोचतो तो बापाच्या खिशातला फोन, तोही अंधार पडल्यावर, कोपीवर म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, चार्जिंग उरलं असेल तर. तिथे व्हिडिओ पाठवणं वाया जातं: पाच मिनिटांचा व्हिडिओ सहज वीस-तीस एमबी खातो आणि फाइलचा आकार कमी करून पाठवला की फळ्यावरचं अक्षर फिसकटतं. तेवढ्याच वेळाचा व्हॉइस मेसेज एमबीभरात मावतो. निघण्याआधी सरावाच्या छापील पानांचा गठ्ठा हातात द्यावा, आणि आवाजात फक्त ‘पान सात, तिसरं उदाहरण’ एवढं समजावावं. एक अडचण लक्षात असू द्यावी: न पोचलेला व्हॉट्सॲप संदेश सर्व्हरवर तीसच दिवस राहतो. फोन त्याहून जास्त बंद राहिला तर महिन्याचा संच पुन्हा पाठवावा लागतो.

भाषेची बाजू बैठकीत कुणी काढत नाही. तयार व्हिडिओ पुस्तकी मराठीत असतात. लातूर-धाराशिवकडचं पहिलीतलं लेकरू ‘येऊलालो, जाऊलालो’ म्हणत वर्गात येतं. टीव्ही थांबवून शिक्षकाला तेच त्याच्या बोलीत सांगता येतं, टॅबवर एकट्या बसलेल्याला कोण सांगणार? आणि गावातलं टिपायचं असेल तर फोनसारखं साधन नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्यांत माजलगावच्या बायांच्याही ओव्या आहेत. तसं काम सहावी-सातवीची मुलं करू शकतात: पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, तोंडापासून हातभर अंतरावर, आधी परवानगी, सुरुवातीला नाव-गाव-तारीख. फाइल त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढावी.

वर्गणी एकाच वस्तूपुरती असेल तर टीव्ही आणि बॅटरी घ्यावी. निम्म्याहून जास्त पट कारखान्यावर जात असेल तर आधी छपाई आणि पालकांचे रिचार्ज.