लॅरीच्या नावाची तबकडी, पण लॅरीचा ठेका कुठे?

१५ डिसेंबर २०१९, रविवार, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. यू टू या आयरिश रॉक बँडचा भारतातला पहिलाच कार्यक्रम. चौघांपैकी आधी ड्रमर लॅरी मलन एकटा चालत आला, प्रेक्षकांत पुढे काढलेल्या छोट्या मंचावर ड्रमसेटमागे बसला आणि त्याने 'संडे ब्लडी संडे'चा ठेका धरला. गिटार नाही, शब्द नाहीत, नुसते ड्रम. दोन-चार मात्रांत अख्खं मैदान ओरडायला लागलं. मी ठाण्यात बारा वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवलेत. गणेशोत्सव, हळदी, सत्यनारायणाच्या पूजा, सगळं केलं. पण नुसत्या ठेक्यावरून इतक्या माणसांनी गाणं ओळखलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझे डोळे भरून आले. शेजारी आमचा नेरूळचा मित्र, ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला, माझा दंड घट्ट धरून उभा होता.

तोच मित्र गेला महिनाभर माझ्याशी भांडतोय. कारण 'साँग्ज ऑफ सरेंडर'.

अल्बम १७ मार्च २०२३ ला आला. त्यात नवं गाणं एकही नाही. १९७६ साली डब्लिनच्या एका शाळेत जमलेल्या या चौघांनी आपलीच चाळीस जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केलीत. चार भाग, प्रत्येकात दहा गाणी आणि भागांना नावं चौघांची: एज, लॅरी, बेस वाजवणारा अॅडम आणि गायक बोनो. सगळं मिळून पावणेतीन तासांच्या आसपास. यातलं मुख्य काम गिटारवाल्या एजचं, लॉकडाऊनमध्ये सुरू केलेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बोनोचं आत्मचरित्र आलं, त्यातही चाळीस गाण्यांच्या नावांची चाळीस प्रकरणं आहेत. म्हणजे पुस्तक आणि अल्बम जोडीनेच बघायचे. ज्यांना एवढं ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी सोळा गाण्यांची छोटी आवृत्तीही काढली आहे.

मी ठाण्याहून तुर्भ्याला कामाला जातो. जाताना वीस-बावीस मिनिटं, येताना तेवढीच, असा चार दिवसांत मी तो ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये पहिल्यांदा पूर्ण ऐकला. मग घरी, हेडफोन लावून, जुनं गाणं आणि लगेच नवं, असं जोडीजोडीने ऐकलं. तेव्हा कुठे माझं मत झालं.

आमच्यात सरळ दोन तट पडलेत. मित्र म्हणतो, "उभी इमारत पाडून नुसती दारं-खिडक्या मांडून ठेवल्यात रे." त्याला हा अल्बम म्हणजे थकलेल्या माणसांचा आळस वाटतो. माझी बहीण नौपाड्यात गाणं शिकवते. तिला यू टू कधीच आवडला नव्हता, सगळा गोंगाट वाटायचा. ती म्हणाली, "दादा, मला पहिल्यांदा शब्द ऐकू आले. हा माणूस काय सांगतोय ते आज कळलं." आणि भाचीने तर 'वन' आयुष्यात पहिल्यांदा या अल्बमवरच ऐकलं, पियानोवरचं, हळू. नंतर मी जुनं लावलं तर तिला तेच परकं वाटलं. वयाप्रमाणे मत ठरतं असं मी आधी धरून चाललो होतो, पण मित्र आणि बहीण एकाच वयाचे आहेत.

आता माझं. बोनोने पट्टी उतरवली याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. आपल्याकडे गायकाने साठी ओलांडली की तो सूर खाली घेतो आणि जाणकार श्रोता मान डोलावतो. वरचा स्वर लागत नसताना तो ओढण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक. अल्बम आला तेव्हा बोनो बासष्टचा होता. जिथे तो जवळजवळ बोलल्यासारखा गातो, तिथे त्याच्या आवाजातली खर फार जवळची वाटते. 'समटाइम्स यू कान्ट मेक इट ऑन युवर ओन' हे त्याने वडिलांवर केलेलं गाणं. वडील २००१ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीत त्याने ते गायलं होतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बापाशी भांडणारा मुलगा ऐकू येतो. नव्यात तो मुलगा स्वतःच बापाच्या वयाला आलाय. माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाले, आमचं कधी धड बोलणं झालं नाही, आणि आता ते नाहीत. घणसोली ते कोपरखैरणे मी खिडकीबाहेर बघत उभा होतो.

'स्टोरीज फॉर बॉइज' तर मी दहा-बारा वेळा ऐकलं असेल. १९८० च्या पहिल्या अल्बममधलं, विशीच्या पोरांनी धावत-पळत म्हटलेलं गाणं. इथे ते बोनो गात नाही, एज गातो, पियानोवर, अगदी सावकाश. तीच चाल, तेच गाणं, पण लहानपणीच्या पुस्तकांकडे आणि टीव्हीकडे आता मागे वळून बघणारा माणूस गातोय. असं एक गाणं जमलं तरी चाळीस गाण्यांचा खटाटोप मला मान्य आहे. शब्दही काही ठिकाणी बदललेत. 'वॉक ऑन' मुळात म्यानमारच्या नेत्या आँग सान स्यू ची यांच्यासाठी होतं, ते आता युक्रेनसाठी केलंय. गाणं ज्याने लिहिलं त्याला तो हक्क आहे, त्यावरून मी वाद घालणार नाही.

माझं दुखणं वेगळं आहे.

'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' घ्या. १९८७ च्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये आधी ऑर्गनचा सूर पहाट उजाडल्यासारखा हळूहळू वर येतो. मग एजची गिटार येते, तीनच्या मोजणीत, आपल्या दादऱ्यासारखी. तुम्ही दादऱ्यात डोलत असता आणि बघता बघता गाणं चारच्या मोजणीत शिरतं, बेस आणि ड्रम धावत सुटतात. तो सांधा कुठे बसलाय हे शोधण्यात मी कॉलेजात असताना कॅसेट किती वेळा मागे घेतली असेल त्याला हिशेब नाही. पेन्सिल घालून टेप गुंडाळायची आणि परत तिथूनच. हा भाग बसवायला स्टुडिओत इतका वेळ गेला होता की निर्माता ब्रायन ईनो टेप पुसून सगळं नव्याने सुरू करायला निघाला होता. नव्या आवृत्तीत तो सांधाच नाही. सूर आहेत, आवाज आहे, धाव नाही. ज्या गाण्याचा जीवच वेग घेण्यात होता, ते एका जागी बसवून ठेवलंय.

'संडे ब्लडी संडे'चंही तेच. ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी मेले, एक नंतर. गाणं त्या रविवारचं. लॅरी लहानपणी कवायतीच्या बँडमध्ये वाजवायचा, आणि इथे त्याने वाजवलाय तो कवायतीचाच ठेका. स्टुडिओच्या जिन्यात ड्रम मांडून तो रेकॉर्ड केला, म्हणून स्नेअरचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा, प्रत्येक फटका भिंतींवर आपटून परत येतो. नीट ऐकलंत तर हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी, न थांबता चालू असतो आणि त्याच्यावर स्नेअर बुटांसारखा पडत राहतो. शब्द युद्धाला नकार देतात आणि खाली लष्कर चालत असतं. ही ओढाताण हेच ते गाणं आहे. नव्यात अकूस्टिक गिटार आणि आवाज. बहीण म्हणते शब्द कळले. खरंय, पण ते शब्द ज्याच्या विरोधात उभे होते तेच काढून टाकलं.

चार भागांपैकी एकाला लॅरीचं नाव दिलंय, एकाला अॅडमचं. मी लॅरीच्या नावाचा भाग मुद्दाम सगळ्यात आधी लावला. दहा गाणी मी त्या माणसाला शोधत होतो. ड्रम आहेत तिथेही ते मागे, पडद्याआड ठेवल्यासारखे. अॅडम क्लेटनचा बेस त्याहून थोडा जास्त सापडतो, इतकंच. यू टू म्हणजे बोनोचा आवाज आणि एजची गिटार असं बाहेरून वाटतं. पण मागे बसून वाजवलेल्या कुणालाही विचारा, हा बँड उभा आहे तो मागच्या दोघांवर. 'विथ ऑर विदाउट यू'मध्ये अॅडम तेच चार सूर शेवटपर्यंत वाजवत राहतो, आणि त्या चार सुरांवर बाकी सगळं तोललेलं आहे.

२०२३ मध्ये लास व्हेगसमध्ये त्यांचे कार्यक्रम सुरू झाले आणि तिथे लॅरी नव्हता. इतक्या वर्षांच्या वाजवण्याने शरीर दुखावलं होतं, शस्त्रक्रिया आणि विश्रांती हवी होती. त्याच्या जागी ब्राम व्हान डेन बर्ग या डच ड्रमरने वाजवलं. हे कळल्यापासून अल्बममधली ती शांतता मला आणखी जड वाटते. ड्रमरचे गुडघे, कोपर, मान कशी जाते हे मला ठाऊक आहे. माझा उजवा खांदा आजही पावसाळ्यात धरतो.

तर ऐकायचा असेल तर असं सांगेन: चाळीस गाणी एका दमात ऐकू नका, विसाव्या गाण्यानंतर सगळी एकसारखी वाटायला लागतात. रात्री, घरातले झोपल्यावर, पाच-सहा गाणी ऐका. 'स्टोरीज फॉर बॉइज', 'समटाइम्स यू कान्ट', 'वन' आणि शेवटचं '४०' नक्की. 'व्हर्टिगो' सोडलंत तरी चालेल, त्या गाण्यातला विजेचा झटका अकूस्टिकमध्ये उरलेला नाही. आणि ज्यांनी यू टू कधीच ऐकला नाही त्यांनी इथून सुरुवात करू नये, भाचीला मी तेच सांगितलं. आधी १९८७ चा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम, मग हा.

मागच्या रविवारी आम्ही जुने तिघे नौपाड्यातल्या एका प्रॅक्टिस हॉलमध्ये जमलो. मी, कीबोर्डवाला आणि आमचा गिटारवाला, जो आता छप्पन्नचा आहे आणि गातोही. 'संडे ब्लडी संडे' काढलं. मूळ पट्टीत त्याला वरचं लागेना, दोनदा आवाज फाटला. कीबोर्डवाल्याने काही न बोलता ट्रान्सपोजचं बटण दाबून पट्टी दोन स्वर खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी ठेका जसाच्या तसा धरला.