फुलदाणीसाठी साधे पाणी, घरगुती द्रावण की तयार पुडी?

दिंडोरी तालुक्यातील जानोरी-मोहाडी भागातल्या पॉलिहाऊसमधून निघालेला डच गुलाब नाशिकच्या बाजारात ताजाच येतो, तरीही अनेक घरांत तो तिसऱ्याच दिवशी मान टाकतो. काडीच्या कापलेल्या टोकाशी जिवाणू साठतात, हवेचे बुडबुडे अडकतात आणि पाणी कळीपर्यंत चढत नाही, हे त्याचे नेहमीचे कारण आहे. म्हणून कोणताही पर्याय निवडला तरी काडीचे टोक पाण्याखाली धरून दोन सेंटिमीटर तिरके कापावे आणि पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. एवढे केले नाही, तर पुढचा खर्च वाया जातो.

फक्त पाला ठेवायचा असेल, तर माझे मत साध्या पाण्याच्या बाजूने आहे. ड्रासिना साध्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतो, कधी मुळेही धरतो; साखर मात्र पाल्याला मानवत नाही, जास्त झाल्यास पानांच्या कडा करपतात. पाणी दोन दिवसांआड बदलावे. शतावरीच्या जातीचा पाला कोरड्या हवेत बारीक पाने गाळतो, त्यामुळे मार्च ते मे या काळात त्यावर रोज पाणी फवारावे.

गुलाब आणि निशिगंध यांना साखर हवी असते, कारण कळी उमलण्याची शक्ती त्यांना तिच्यातून मिळते. एक लिटर पाण्यात तीन चहाचे चमचे साखर, एक चमचा लिंबाचा रस आणि साधारण एक मिलिलिटर घरगुती ब्लीच एवढे पुरते. ब्लीच आधी पाण्यात पूर्ण मिसळावे आणि रस नंतर घालावा. दोन्ही कधीही पाण्यावाचून एकत्र करू नयेत, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला लिंबू थोडे अधिक लागते. साखर घालून ब्लीच वगळणे हा सर्वांत वाईट पर्याय, कारण त्यात जिवाणूंचीच मेजवानी होते.

फुलदाणीच्या पाण्यात घालायच्या तयार पुडीतही साखर, आम्ल आणि जिवाणुरोधक हेच घटक असतात. तिचा फायदा अचूक प्रमाणाचा आहे. काटकसर म्हणून निम्मी पुडी घातली, तर जिवाणुरोधक अपुरे पडते आणि साखर तेवढी उरते. हॉटेल किंवा दवाखान्याच्या स्वागतकक्षात, जिथे फुलदाणी भरणारे हात रोज बदलतात, तिथे पुडीच बरी. मिश्र गुच्छात पाला थोडा पिवळा पडला तरी फुलांच्या सोयीनेच पाणी ठरवावे.

जरबेऱ्याचे गणित वेगळे आहे. त्याचा दांडा लवदार आणि मऊ असल्याने खोल पाण्यात लवकर कुजतो. आठ-दहा सेंटिमीटर पाणी आणि किंचित ब्लीच त्याला पुरते. कार्नेशनच्या पाकळ्या मात्र पिकत्या केळ्या-आंब्यांच्या इथिलीन वायूने आत मिटू लागतात, आणि तो बिघाड यांतले कोणतेही पाणी सुधारत नाही. उत्पादकाने काढणीनंतर सिल्व्हर थायोसल्फेटची, म्हणजे इथिलीनचा परिणाम रोखणाऱ्या रसायनाची, प्रक्रिया केलेली असेल, तर ही फुले बरीच अधिक टिकतात. खरेदी करताना तेवढे विचारून घ्यावे.

रात्री फुले फ्रिजमध्ये ठेवायची असतील, तर गुलाब आणि कार्नेशन खुशाल ठेवावेत, पण फळांशेजारी नव्हे. अँथुरियम बाहेरच ठेवावे, कारण बारा-तेरा अंशांखाली ते काळे पडते.